टेकडीवरची घंटा आणि माझे दोन शिष्य

पोपटाची पिल्लं वाढवणं यात काय एवढं? देवासच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झालोय मी. गल्लीतल्या कडुलिंबाची ढोलीवाली फांदी मोडली, दोन पिल्लं खाली आली, तेव्हा वनखात्याचा माणूसही ती माझ्याकडेच ठेवून गेला. "सर, उड़ने लगें तो छोड़ देना. बस, आदत मत बिगाड़ना," एवढंच म्हणाला. सवयी बिघडवणारा माणूस मी नव्हेच!

पण पिल्लं चोच उघडेनात. कोमट सातू पुढे धरून मी स्वतः आ करून दाखवला, तर ती नुसती माझे दात बघत बसली. संध्याकाळपर्यंत त्यांच्या माना कलल्या. बायको, आमची चारुलता, रडकुंडीला आली. मग मी डोकं चालवलं. देवघरातली घंटा वाजवायची आणि लगेच चोचीच्या कडेला सातूचा थेंब लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी घंटा वाजताच दोन्ही चोची सताड उघडल्या. मी गल्लीभर सांगत सुटलो.

एकच विसरलो. आमचं घर देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे, आणि चार दिवसांनी चैत्राचं नवरात्र बसलं.

वर घंटा वाजली की इथे पिल्लं किंचाळायची. मी धावत जाऊन भरवायचो. टेकायला जावं तो वर पुन्हा कोणी भक्त पोचलेला. पाचव्या दिवशी पिल्लांचे लाडू झाले आणि मी वाळून काडी.

"अहो, अब बस करा ना. पोट फुटेल त्यांचं," म्हणत चारुलतानं चमचाच लपवला.

माझे सासरे बापूसाहेब ब्याऐंशीव्या वर्षीही रोज टेकडी चढतात. उतरताना डोकावून म्हणायचे, "जावईबापू, पाखरांस इतके का रडविता?" मी काय सांगणार, कप्पाळ?

महिन्याभरात पंख फुटले. गच्चीवरून सोडली. घंटेशिवाय ही खाणार कशी, या काळजीनं मला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी बापूसाहेब धापा टाकत आले. डोळे पाणावलेले.

"जावईबापू, आज नवल पाहिले. देवीपुढे घंटा होताच दोन पोपट येऊन आ वासतात. लोक प्रसाद भरवितात, हात जोडतात. मुक्या जिवांस केवढी ही भक्ती! आणि तुम्ही, लग्नास तीस वर्षे झाली, एकदाही वर आला नाहीत."

चारुलता तोंडाला पदर लावून आत पळाली.

तेव्हापासून मी रोज सकाळी टेकडी चढतो, खिशात भिजवलेली चण्याची डाळ घेऊन. त्यांना प्रसादाची साखर बाधायला नको. जावई मार्गाला लागला, असं बापूसाहेब सगळ्यांना सांगतात.

परवा पायथ्याशी तो वनखात्याचा माणूस भेटला. "क्यों सर, आदत तो नहीं बिगड़ी ना?"

छे, म्हणायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात वर घंटा वाजली आणि माझा हात आपोआप खिशात गेला.