मंद उजेडाचा आवाज

मुद्रितशोधक खोलीत आला तेव्हा आत्या स्टुलावर उभी होती आणि छताला टांगलेल्या पाच फांद्यांच्या दिव्यात शेवटचा बल्ब पिळून बसवत होती. तिने काढून टाकलेले तीन लहान बल्ब पलंगावर एकमेकांना टेकून पडले होते, कामावरून कमी केलेल्या माणसांसारखे. त्यांच्या जागी, आणि आजवर मोकळ्या राहिलेल्या दोन होल्डरांतही, माळ्यावरच्या खोक्यातले जुने, तारेचे, जाडजूड बल्ब येऊन बसले होते. प्रत्येकाच्या माथ्यावर शंभर वॅटचा आकडा होता. पाच शंभर पाचशे. आणि दाराजवळच्या, उजेड कमीजास्त करायच्या डिमरच्या पट्टीवर, अगदी बारीक अक्षरांत, 'जास्तीत जास्त तीनशे' छापलेले होते. बारीक अक्षरे वाचणे हाच त्याचा धंदा होता. ती न दिसण्याची सोय त्याला नव्हती.

"आत्या," तो म्हणाला, "जरा..."

"काय जरा?"

"जरा जपून उतर."

हे असेच व्हायचे. परक्यांच्या पानांवर तो निर्दयपणे लाल रेघा मारी, पण समोरच्या माणसाला 'तुझे चुकते आहे' असे सांगायची वेळ आली की शब्द त्याच्या गळ्याशी येत, जरा वेळ उभे राहत आणि माघारी जात. समास नसलेल्या जगात चूक दाखवायची कुठे, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

आत्या उतरली. छकुलीला सांभाळायला म्हणून ती सकाळीच येऊन दाखल झाली होती, कारण आज दुपारी मुद्रितशोधकाच्या बायकोची मुलाखत होती. छकुलीच्या जन्माबरोबर सुटलेली नोकरी पुन्हा मिळेल असे बायकोला वाटेनासे झाले होते. आणि अचानक दिवे आणि बटणे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागातून बोलावणे आले. मुलाखत घरूनच, पडद्यावरून द्यायची होती. "मला फक्त एक तास दे," ती नवऱ्याला म्हणाली होती, "तेवढा वेळ छकुली उठता कामा नये. रडायला लागली की मी उत्तर अर्ध्यावर टाकून धावत येईन, आणि मग ते लोक म्हणतील, बाई अजून घरातच अडकलीय." हे सांगताना ती हसली होती. त्या हसण्यानेच तो जास्त घाबरला होता.

डिमरही या मुलाखतीच्याच निमित्ताने घरात आला होता. "ताई, पुस्तकातून काय डोंबल कळणार? हा घे, फिरवून बघ," असे म्हणत बायकोच्या भावाने तो स्वतःच्या हातांनी भिंतीत बसवला. तेव्हापासून बायको घरभर मोठ्याने अभ्यास करी आणि नवरा शेजारी बसून पाने तपासता तपासता ऐके.

"लोकांना वाटतं, डिमर म्हणजे पाण्याचा नळ," ती सांगे. "तसं नाही. तो वीज सेकंदाला शंभर वेळा तोडतो आणि शंभर वेळा जोडतो. तार निवायच्या आत पुन्हा तापते, आणि आपल्याला वाटतं, दिवा मंद जळतोय."

इतक्या तुटण्यांमधून इतका शांत उजेड निघतो, हे ऐकून त्याला उगाचच भरून आले होते.

"आणि लोड मोजायचा तो बल्बवर लिहिलेला. मंद ठेवला म्हणून कमी धरायचा नाही. कारण घरात कोणीतरी एक असतंच, जे बटण शेवटपर्यंत फिरवतं."

तोडजोडीचे हे काम चालू असताना डिमर एका सुरात भुणभुणत असे. त्या मंद पिवळ्या उजेडात छकुली इतकी गाढ झोपू लागली की सगळ्यांनी उजेडाला हात जोडले. लख्ख दिव्यात ती जागी व्हायची, अंधारात रडायची. या मधल्या प्रकाशात मात्र तिची मूठ आपोआप सैल पडायची. भुणभुणीकडे कोणी लक्ष दिले नाही.

बायको दारात आली. वरती कडक इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला विरलेला पायजमा. पडद्यावर कमरेखालचे दिसत नाही.

"सगळं ठीक ना?" तिने हळूच विचारले.

मुद्रितशोधकाने एकदा वर पाहिले. आता सांगितले तर ती स्टूल ओढणार, आत्याशी वाद होणार, पाळण्यातून नुकतीच पलंगावर आणलेली छकुली उठणार. आणि दिवा मंदच तर ठेवायचा आहे. मंद म्हणून कमी धरायचा नाही, हे तिचेच वाक्य त्याच्या कानात वाजले. त्याने ते खोडले.

"ठीक," तो म्हणाला.

ती शेजारच्या खोलीत गेली. दोन खोल्यांमध्ये फक्त फळ्यांची भिंत होती आणि तीही छतापर्यंत पोचलेली नव्हती. थोड्याच वेळात पलीकडून कोण्या साहेबांचा जाड, खेळीमेळीचा आवाज येऊ लागला आणि त्याला उत्तर देणारा बायकोचा आवाज, जरासा उंच, जरासा परका.

इकडे पडदे ओढलेले होते. दिवा मंद होता. छकुली झोपली होती. डिमर भुणभुणत होता, मात्र नेहमीपेक्षा थोडा घोगरा. मुद्रितशोधकाने जाऊन पट्टीवर तळवा ठेवला. कोमट.

"कसली रे ही तुमची संध्याकाळ भरदुपारी?" आत्या कुजबुजली. आत्याची कुजबूज जिन्यापर्यंत ऐकू जाई. "मला झबल्याला गुंडी लावायचीय. सुईत दोरा जाईना."

"आत्या, हळू... बाहेर बसतेस का?"

"तिची काळजी घ्यायला आलेय ना मी? मग बाहेर बसून भिंतीची घेऊ?"

आणि दाराजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिने डिमर थोडा वर फिरवला. तो छकुलीशेजारून उठला, गोंडा सरळ करायच्या मिषाने पडद्यापर्यंत गेला, आणि परत येताना डिमर खाली फिरवला. आत्याने दोरा थुंकी लावून वळला आणि बटण पुन्हा वर केले. त्याने पुन्हा खाली केले. एकमेकांकडे न बघता दोघांचे हे युद्ध चालले होते. पट्टी आता कोमट राहिली नव्हती.

तिसऱ्यांदा तो उठणार, इतक्यात छकुलीने झोपेतच त्याचे बोट मुठीत धरले. लहान मुलांची पकड ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ठाऊक असेल, ती सोडवता येते, पण सोडवण्याचे धैर्य होत नाही. आत्याने संधी साधली. "पोरगी गाढ झोपलीय," ती म्हणाली आणि बटण शेवटपर्यंत फिरवले.

पाचही बल्ब एकदम पेटले. भुणभुण थांबून आत काहीतरी चरचरले. छकुलीने पापण्या घट्ट मिटल्या. मुद्रितशोधकाने मोकळ्या हाताने हवेत जोरजोरात एक रेघ मारली आणि तिच्या शेवटी एक वळसा काढला. 'काढून टाका' याची ती खूण होती. घाबरला की त्याला दुसरी भाषा सुचत नसे.

"हो, आता छान दिसतंय," आत्या हात हलवून म्हणाली आणि दोरा ओवू लागली.

जळक्या प्लास्टिकचा वास पलंगापर्यंत आला. मुख्य बटण खाली ओढावे, असे क्षणभर त्याच्या मनात आले. पण त्याच बटणावर पलीकडची खोली होती, इंटरनेटची पेटी होती, बायकोचा सगळा तास होता. त्याने धीर एकवटला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वडीलधाऱ्या माणसाची चूक तोंडावर काढली.

"आत्या, बंद कर. लोड जास्त झालाय."

दुर्दैवाने हे तो इतक्या हळू बोलला की त्याचे त्यालाच नीट ऐकू आले नाही.

"काय?" आत्या म्हणाली.

टप्‌, असा आवाज झाला आणि दिवा गेला.

त्याने श्वास रोखून बोट सोडवले, दाराशी धावला आणि डिमर खट् करून बंद केला. पट्टी चटका देत होती, पण धूर नव्हता. हळूहळू ती निवत गेली. मग त्याने पडदा बोटभर सरकवला. पिवळसर, मंद, अगदी तसाच उजेड पलंगावर पडला. वाचलो, असे त्याला वाटले.

छकुलीचा खालचा ओठ बाहेर आला.

"उजेड तर तेवढाच आहे की रे!" आत्याची कुजबूज प्रथमच खरोखर कुजबूज झाली होती. "मग काय पाहिजे हिला?"

ओठ थरथरला. छातीने श्वास भरून घेतला. रडण्याआधीची ती भयाण, लांबलचक शांतता पसरली, आणि त्या शांततेतच मुद्रितशोधकाला कळले. खोलीत काहीतरी गळाले होते, पानातून एखादी ओळ गळावी तसे. सगळे उजेडाचे कौतुक करत राहिले. ती पोर इतके दिवस त्या आवाजाच्या कुशीत झोपत होती.

तो पलंगापाशी वाकला. ज्याने शाळेत प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवले होते, त्याने तोंड मिटले आणि नाकातून, छातीतून, जिथून जमेल तिथून सूर लावला.

"म्‌म्‌म्‌म्‌म्‌..."

बाहेर आलेला ओठ थबकला. परत आत गेला.

"अगं बाई," आत्या म्हणाली.

आता थांबायची सोय नव्हती. श्वास घ्यायला तो अडला की पापणी फडफडे. त्याचा चेहरा लाल होऊ लागलेला पाहून आत्याला दया आली आणि तिनेही सूर मिसळला. छकुलीने झोपेतच असे तोंड वेंगाडले की आत्या लगेच गप्प बसली. "माझा नाही चालत," ती दुखावल्या स्वरात म्हणाली. "तुझाच चालू दे."

आणि नेमके तेव्हा फळीपलीकडचा जाड आवाज मधेच थांबला.

"मॅडम, तुमच्याकडे कसला आवाज येतोय हो?"

मुद्रितशोधकाच्या काळजाचा ठोका चुकला. सूर मात्र चुकवता येत नव्हता.

"डिमरचा, सर," बायको म्हणाली.

"अरे वा! मग असं करू. पाठ केलेली उत्तरं राहू द्या बाजूला. समजा, मीच ग्राहक. 'अहो, तुमचा डिमर भुणभुणतोय, बदलून द्या!' बोला."

"त्याच्यावर बल्ब किती आहेत, साहेब?"

"मला काय माहीत? दिवा लागतो की नाही, एवढंच बघतो मी."

"सगळे तेवढंच बघतात," ती म्हणाली. तिचा आवाज आता उंच नव्हता; घरातला, ओळखीचा झाला होता. "थोडी भुणभुण म्हणजे बिघाड नव्हे. पण एकाएकी वाढली, तर बहुधा लोड जास्त झालेला असतो. घरातला प्रत्येकजण आपापला एकेक बल्ब वाढवत जातो. डिमर काही बोलत नाही. नुसता तापतो."

मुद्रितशोधकाचा सूर जरा हलला.

"हे ऐका, मधेच अडकला! आणि पुन्हा सुरू. हे नवीनच आहे."

"दम घेतो तो," बायको म्हणाली आणि लगेच सावरली, "म्हणजे काही डिमर जास्त तापले की आपले आपण थांबतात. निवले की परत चालू."

"मग बदलून देणार ना मला?"

"आधी बंद करा, निवू द्या. जळका वास आला असेल, तर बदलावाच लागेल, त्यात तडजोड नाही. वास नसेल, तर वरचा भार उतरवा. पुष्कळदा डिमर चांगला असतो, साहेब. आपणच मोजलेलं नसतं."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. फळीच्या अलीकडे मुद्रितशोधकाच्या डोळ्यांत पाणी आले होते. श्वास कोंडल्यामुळे, असे त्याने स्वतःला सांगितले.

तास संपला तेव्हा बायको आत आली. तिने वर पाहिले, पाच बल्ब मोजले, पट्टीवर हात ठेवला आणि वास घेतला.

"पाचशे?"

त्याने मान हलवली.

"तुला माहीत होतं?"

त्याने पुन्हा मान हलवली.

"मग बोलला का नाहीस?"

"म्‌म्‌म्‌म्‌..." तो म्हणाला. न बोलण्याचे खरेखुरे कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याजवळ होते.

आत्या झबल्यात डोके खुपसून गुंडी लावत होती. गुंडी बाहीला लागली होती.

नोकरी मिळाली. रुजू होताना कंपनीने बायकोला आपला सगळ्यात भारी डिमर भेट दिला. जळका काढून तो बसवायला तिचा भाऊ लगबगीने आला. लहान बल्ब आपल्या जागी परतले, दोन होल्डर मोकळे झाले. आत्या खास हा सोहळा बघायला आली होती आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून तिने स्टूल पुढे ओढले. तिच्या हातात काहीतरी गोल होते.

"आत्या," मुद्रितशोधक म्हणाला. आवाज सगळ्यांना ऐकू गेला, त्यामुळे तोच दचकला. "शंभरचा नको. उतर खाली."

आत्या निमूटपणे उतरली.

भावाने भिंतीकडे तोंड करून बटण फिरवले. खोलीत मऊ, पिवळा, निःशब्द उजेड पसरला. "बघा दाजी! आवाजाचं नाव नाही!" तो अभिमानाने म्हणाला.

पलंगावर छकुलीने डोळे उघडले. तिचा खालचा ओठ हळूहळू बाहेर आला. बायकोने आणि आत्याने एकाच वेळी मुद्रितशोधकाकडे पाहिले. त्याने एक उसासा टाकला, हातातला पानांचा गठ्ठा मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसला आणि तोंड मिटले.

भावाने गडबडीने पट्टीला कान लावला.

"ताई, हासुद्धा भुणभुणतोय गं! बदलून आणू का?"

"राहू दे," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या मांडीवरचा तपासायच्या पानांचा गठ्ठा उचलून बाजूला ठेवला. "याचा लोड मी बघते."