मगदूम सरांचं शून्य

एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. एका माणसाविरुद्ध मी तीन शब्द लिहून दिले. ते खोटे आहेत हे लिहितानाच मला ठाऊक होतं, आणि त्या तीन शब्दांवर माझी नोकरी कायम झाली. तो माणूस म्हणजे आमचे मगदूम सर. आता माझी पंचेचाळिशी उलटली. अजून गप्प बसलो तर गप्पच मरेन. कुणाला राग यायचा असेल तर खुशाल येऊ दे.

मगदूम सर बरोबर उत्तराला शून्य द्यायचे आणि चुकलेल्या उत्तराला दहापैकी सहा.

ही अफवा नव्हती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या कॉमर्स कॉलेजात पहिल्या वर्षाला जमाखर्च शिकवायचा तो त्यांनीच. वर्षाची लेखी परीक्षा वेगळी. पण वही, चाचणी आणि हजेरी मिळून वीस मार्क सरांच्या हातात असत. या वीस मार्कांच्या अटी ते जूनच्या पहिल्याच तासाला तोंडी सांगत, मुलं त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहीत आणि खाली सही करत. पेन्सिल चालणार नाही. रबर दिसला की खिडकीतून बाहेर. कॅलक्युलेटर घरी ठेवायचा, कारण "देवानं धा बोटं दिल्यात, ती काय नुसती भाकरी मोडायला व्हय?" उशीर झाला तरी वर्गात यायची परवानगी होती, मात्र दारात उभं राहून उशिराचा जमाखर्च सांगावा लागे.

"सर, म्हशीची धार काढून आलो."

"बरं. आलं काय?"

"दूध."

"आणि गेलं काय?"

"तुमची पहिली पंधरा मिन्टं, सर."

"मांडता येतंय की तुला. बस."

या अटींतली सातवी अट सगळ्या भांडणाचं मूळ. जमाखर्चात एक तेरीज असते. सगळ्या खात्यांच्या शिलकी दोन बाजूंना मांडायच्या. दोन्हीकडच्या बेरजा सारख्या यायला हव्यात. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या त्या सहसा येत नाहीत. मग मूल काय करतं? इकडंतिकडं बघतं, एखादा आकडा फुगवतं आणि खाली दोन रेघा ओढून मोकळं होतं. सरांची सातवी अट अशी: तेरीज जुळली नाही तर खाली "जुळलं नाही" असं लिहायचं. तसं लिहिणाऱ्याला सहा. ओढूनताणून जुळवणाऱ्याला शून्य. आणि सर प्रत्येक वही मागच्या पानापासून पुढच्या पानापर्यंत तपासत, त्यामुळे फुगवलेला आकडा सुटत नसे.

पालक भांडायला येत. सर स्टाफरूमच्या दारापर्यंत सामोरे जात. "या पावणं, बसा. चहा घ्या. मार्क सोडून काय बी मागा." त्यांचा अर्धा पगार कँटीनवाल्याला जात असावा असा आमचा हिशेब होता. एकदा कागलकडचे एक म्हशीवाले मुलाला दंडाला धरून घेऊन आले. "पोरगं म्हणतंय, बेरीज जुळली हुती. मग शून्य कशापायी?"

सर म्हणाले, "सकाळी म्हशीनं दूध किती दिलं?"

"चार लिटर."

"डेअरीत पाच लिटर भरलं, तर वरचं एक कुठनं आलं?"

पावण्यांनी सरांकडे बघितलं, मग मुलाकडे. "पाणी घातलंस व्हय रं तू? वहीत?"

त्यानंतर जे झालं ते सरांनाच मध्ये पडून सोडवावं लागलं. "मारू नका, पावणं. त्याला रविवारी माझ्याकडं पाठवा."

रविवारी म्हणजे मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत. सरांनी लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर घरात तिची कानडी आणि यांची मराठी अशी जुगलबंदी चालायची. ती गेल्यावर रविवार मोठा झाला असावा. त्या दिवशी "जुळलं नाही" लिहिणाऱ्या मुलांची पंगत बसे. सर उप्पीट करत, आणि मग सगळे मिळून एकेकाची चूक हुडकत. मीही जायचो. मी तेव्हा तासिका तत्त्वावर होतो, दर जूनला नवी ऑर्डर, मे महिन्यात पगार नाही. जमाखर्चच शिकवायचो, पण सरांच्या हाताखाली. ते मला "तम्मा" म्हणत. कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं.

एक गंमत मी तिथं पाहिली. एखाद्याची चूक सापडली की मुलं टाळ्या वाजवत आणि सरांचा चेहरा उतरे. "जुळलं? झालं मग. पुढच्या रविवारी कशाला येशील तू." एका मुलीची तेरीज सलग सात रविवार जुळली नाही. सरांना एवढं आनंदी मी कधी बघितलं नाही.

मग भाऊसाहेबांचा पुतण्या पहिल्या वर्षाला आला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे कारभारी. शाहूपुरीत मोठं दुकान, शब्द त्याहून मोठा. पुतण्यानं चाचणीत तेरीज जुळवली आणि सरांनी शून्य दिलं. त्या शून्यानं पोरगं वीस मार्कांत नापास होत होतं.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकशी बसली. भाऊसाहेब प्राचार्यांच्या खुर्चीत, प्राचार्य बाजूच्या स्टुलावर. सर आत आले आणि म्हणाले, "या पावणं. चहा सांगू?"

"चहा ऱ्हाऊ दे. आमच्या पोराचं उत्तर जुळतंय का न्हाय?"

"जुळतंय की."

"मग शून्य?"

"जुळवलंय म्हणून शून्य."

"असलं कुठल्या पुस्तकात लिवलंय?"

"त्याच्याच वहीत. पहिल्या पानावर. खाली सही हाय त्याची."

प्राचार्य मध्ये पडले. "सर, आठ करा. पास होऊ दे. विषय मिटला."

"आठ कशाला? अठरा करतो की. त्यानं रविवारी यावं, चूक हुडकावी. न्हायतर 'जुळलं नाही' एवढं लिहावं. त्याचं त्यानं ठरवावं."

भाऊसाहेब ताडकन उठले. "आमच्या घरातलं पोरगं लिहून देणार? जमलं न्हाय म्हणून?"

"व्हय."

"आमच्या घरात आजवर कुणी असं लिहून दिलेलं न्हाय."

"मग ह्यानं सुरुवात करावी. कुणीतरी करायलाच पायजे."

केबिनबाहेर शिपाई खोकला. त्याच विषयाचा म्हणून मलाही बोलावलं होतं. मी आत दाराजवळ उभा होतो आणि माझी छाती फुगली होती. हा माणूस असा बोलतो आणि मी त्याचा तम्मा आहे, याचा मला अभिमान वाटला. तो अभिमान मिनिटभर टिकला.

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "तुमी बी हाच विषय शिकवताय न्हवं? बघा वही. लेखी सांगा."

टेबलावर मला कायम करण्याची फाइल होती. ती मुद्दाम तिथं ठेवली होती की सहज राहिली होती, मला माहीत नाही. घरी बायकोला सातवा महिना होता. मी वही उलटली. खातेवहीत किरकोळ खर्च तीनशे पंधरा होता. तेरजेत तोच आठशे पंधरा झाला होता. लपलेलंही नव्हतं. पहिल्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला दिसलं असतं.

मी कागद घेतला आणि लिहिलं: "उत्तर बरोबर आहे."

सरांनी कागद हातात घेऊन वाचला. मला वाटलं, आता वही उघडून सगळ्यांसमोर त्या आकड्यावर बोट ठेवतील. त्यांनी वहीला हात लावला नाही. आकडा दाखवला असता तर मी खोटा ठरलो असतो, आणि ती फाइल तिथंच मिटली असती. कागद टेबलावर ठेवून ते एवढंच म्हणाले, "शून्य मी बदलणार न्हाय. तुमचं तुमी बदला." आणि निघून गेले.

बदललं. पुतण्या पास झाला. सरांच्या गोपनीय अहवालात शेरा पडला: "मूल्यमापनात लहरीपणा." त्या शेऱ्यामुळे ते कधी विभागप्रमुख झाले नाहीत. पहिल्या वर्षाचा वर्ग त्यांच्याकडून काढला आणि मला दिला. मी सातवी अट रद्द केली. त्या वर्षी माझ्या वर्गात सगळ्यांची तेरीज जुळली, एकाचीही चुकली नाही. निकाल इतका उजळ लागला की भाऊसाहेबांनी पेढे पाठवले. मी ते खाल्ले.

चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी समोर आलो तेव्हा सर खुर्चीतून उठले होते. "या पावणं," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या." त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी तम्मा म्हटलं नाही. रविवारी मी गेलो नाही. पहिल्या वर्षाचा वर्गच नसल्यानं हळूहळू मुलंही जायची थांबली.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं. विभागप्रमुख मीच होतो. "शिस्तप्रिय" हा शब्द मी चार वेळा वापरला. समोर बसलेले सर चहाचा कप बघत होते.

नंतर त्यांचं कपाट रिकामं करताना चौकशीच्या वर्षाचा हजेरीपट हाती आला. मार्कांच्या रकान्यापुढं बारीक अक्षरात सरांनी प्रत्येकाविषयी लिहून ठेवलं होतं. "वडील गेले. चाचणी मार्चमध्ये घ्यावी." "फळ्यावरचं दिसत नाही, सांगायला लाजतो. चष्म्याचं बघावं." "मुद्दाम चुकते बहुतेक. चुकू दे." पुतण्याच्या नावापुढं शून्य होतं आणि पुढं लिहिलं होतं: "भित्रं पोरगं. घरात चुकायची मुभा दिसत नाही. रविवारी परत बोलवावं. उप्पीट बिनतिखट करावं."

शेवटच्या पानावर मुलांची नावं नव्हती. एकच ओळ होती: "तम्माला यंदा कायम करायलाच हवं, घरी बाळ येणार आहे. प्राचार्यांशी दोनदा बोललो. सही होईल म्हणाले."

खाली तारीख होती. चौकशीच्या आधीच्या आठवड्यातली.

त्या रविवारी मी मंगळवार पेठेत गेलो. सरांनी दार उघडलं, आत बसवलं, चहा टाकला. मी हवापाण्याचं बोललो, प्राचार्य बदलले ते बोललो. त्यांनी माझ्या मुलाचं विचारलं. पाऊण तास बसलो आणि काहीही न सांगता जिने उतरलो. आता ते मुरगूडला बहिणीकडे असतात. तब्येत बरी आहे असं कळतं.

सरांच्या गोपनीय अहवालात तो शेरा अजून तसाच आहे. भाऊसाहेबांच्या पुतण्याचं उत्तर चुकलेलं होतं, ते मी तेव्हाच ओळखलं होतं आणि तरी खोटा अभिप्राय दिला, हे संस्थेला लेखी कळवायचं माझ्याकडून राहिलंय. आणि मुरगूडला जाऊन सरांना तोंडावर सांगायचंही राहिलंय.