एकशे साडेसत्त्याहत्तर टक्के पाठिंबा

आमच्या वस्तीतल्या शाळेत पाच वर्ग, चार शिक्षक, त्रेपन्न मुलं, सव्वीस बाकं आणि एक घंटा आहे. बाकांपैकी दोन डगमगतात. घंटा डगमगत नाही. ती वाजली की दोन गल्ल्या पलीकडच्या गॅरेजवाल्याच्या हातातला पाना खाली पडतो. हे सगळं मी स्वतः मोजलेलं आहे, कारण मोजण्याच्या बाबतीत आमच्या वस्तीत माझा हात धरणारं कुणी नाही. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. नोकरी अजून लागायची आहे, त्यामुळे मोजायला वेळही भरपूर आहे.

शाळेची मुख्याध्यापिका म्हणजे माझी आत्या. एका संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. आत्या चपला काढायला विसरली म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे मी शास्त्र न शिकताही ओळखलं असतं.

"साठच्या खाली मुलं असलेल्या शाळा बंद," ती म्हणाली. "नवीन धोरण. आपली मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची."

तो हमरस्ता ओलांडताना मी आजही देवाचं नाव घेते. पहिलीतल्या मुलांनी तो रोज दोनदा ओलांडायचा!

"काहीच पळवाट नाही?"

"एक आहे. शाळेला समाजाचा पाठिंबा असेल तर सूट मिळेल. शनिवारी साहेब सुनावणीला येतायत. पण पाठिंबा मोजता येईल अशा स्वरूपात दाखवायचा म्हणे. आता पाठिंबा काय दूध आहे, लिटरनं मोजायला?"

मोजता येईल अशा स्वरूपात! सगळ्या शिक्षणखात्यात एक तरी माणूस माझ्यासारखा विचार करतो, हे कळून मला भरून आलं.

"आत्या, तू आता शांत झोप. मी बघते."

"त्यात बघायचं काय? शनिवारी घंटा वाजवते, सगळे येतील. उभे करते साहेबांपुढे."

"आत्या, गर्दी म्हणजे माहिती नव्हे."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती पाढे विसरलेल्या मुलाकडे पाहते. तिच्या शाळेत हजेरी घ्यायची एक जुनी पद्धत आहे. घंटा होते, मुलं वर्गवार रांगेत उभी राहतात, ठेंगणी पुढे, उंच मागे, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक जण आपला आकडा मोठ्यानं म्हणतो. शेवटचा आकडा म्हणजे हजेरी. वस्तीतला जवळजवळ प्रत्येक माणूस लहानपणी या रांगेत उभा राहिलेला आहे. मला ती पद्धत जरा बाळबोध वाटायची.

माझी पद्धत बाळबोध नव्हती. वस्तीत दोनशे चाळीस घरं. प्रत्येक घराला राजम्याचा एक दाणा. बेकरीत दोन बरण्या, एकीवर 'शाळा हवी', दुसरीवर 'नको'. ज्याला जे वाटतं त्या बरणीत त्यानं दाणा टाकायचा. सह्यांची भानगड नाही, आरडाओरड नाही, आणि कुणाची भीड बाळगायला नको.

"आणि कुणी घरातला राजमा मूठभर आणून ओतला तर?" आत्यानं विचारलं.

याचाही विचार मी केला होता. दाणे जांभळे रंगवायचे. बेकरीवाल्या काकांनी केकवर घालायचा रंग दिला. रंग पक्का बसावा म्हणून मी दाणे रात्रभर रंगाच्या पाण्यात ठेवले. सकाळी पुसून घेतले तर दाणे कसे टपोरे आणि तजेलदार दिसत होते! रंगामुळे वाटत असेल, असं मी मनाशी म्हटलं. वनस्पतिशास्त्र मी फार लवकर सोडलं होतं.

आणखी एक हुशारी मी आधीच करून ठेवली होती. दाणे काही एकेक मोजत बसायचे नाहीत. कॉलेजनं निकालात काढलेला, दशांशापुढे दोन आकडे दाखवणारा तराजू माझ्याकडे आहे. रंगवण्याआधी शंभर दाणे तोलून मी सरासरी काढली होती. एक दाणा, अर्धा ग्रॅम. बरणीचं वजन भागिले अर्धा ग्रॅम म्हणजे मतं. साहेबांसमोर दहा सेकंदांत निकाल!

सोमवारी दाणे वाटले. मंगळवारपासून वस्तीतल्या लोकांची बोटं जांभळी दिसू लागली. मी खूश होते. मत कुणी दिलं तेही बोटावर कळत होतं.

बेकरीत मात्र तटस्थपणाची जरा आबाळ झाली. 'हवी'ची बरणी काकांनी भट्टीलगतच्या फळीवर, मानाच्या जागी ठेवली आणि कुणी हात घालू नये म्हणून झाकण घट्ट लावलं. प्रत्येक दाण्यासाठी ते स्वतः झाकण उघडत, माणसाच्या पाठीवर थाप मारत आणि पुन्हा घट्ट लावत. 'नको'ची बरणी खिडकीत, उन्हात, बिनझाकणाची. तिचं झाकण त्यांनी बिस्किटांच्या डब्याला लावलं होतं.

"काका, दोन्ही बरण्यांना सारखी वागणूक हवी," मी म्हटलं.

"सारखीच देतोय. 'हवी'वाल्याला आजचा ब्रेड, 'नको'वाल्याला कालचा. ब्रेड दोघांनाही देतोय की नाही?"

तेवढ्यात गॅरेजवाला आला आणि काकांच्या डोळ्याला डोळा भिडवत त्यानं आपला दाणा 'नको'त टाकला.

"अरे, तू याच शाळेत शिकलास ना?" काका म्हणाले.

"म्हणूनच. दुपारी जरा डोळा लागतो आणि ती घंटा वाजते. तीस वर्षं झाली शाळा सोडून, अजून दचकून उठतो. वाटतं गृहपाठ राहिला."

"घे. कालचा."

"परवाचा दे. पण दाणा तिकडेच राहील."

शनिवारी सुनावणीला पाचवीच्या वर्गात साहेब आले. सडसडीत, इस्त्रीचे कपडे, हातात घड्याळ नाही पण सतत मनगटाकडे बघणारे. मुलांच्या बाकावर बसल्यामुळे त्यांचे गुडघे हनुवटीला टेकत होते.

"चार वाजता मला दुसऱ्या शाळेत पोचायचंय," ते म्हणाले. "पाठिंबा दाखवा."

मी तराजू मांडला. पद्धत समजावून सांगितली. साहेबांनी दोनदा मान डोलावली, तेव्हा मला वाटलं की नोकरीचंही इथेच विचारून टाकावं.

आधी 'नको'ची बरणी. दाणे पालथे केले. वजन साडेपाच ग्रॅम. भागिले अर्धा, अकरा. साहेबांनी खात्रीसाठी बोटानं मोजले. बरोबर अकरा.

"वा," साहेब म्हणाले. "पद्धत अचूक आहे."

मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

मग काकांनी 'हवी'ची बरणी दोन्ही हातांत धरून, नवजात बाळासारखी आणली. भट्टीशेजारच्या उबेत, बंद झाकणाखाली, ओल्या दाण्यांनी पाच दिवसांत काय केलं असेल ते काचेतून दिसलं असतं. पण काकांनी बरणीला अभिमानानं रंगीत कागद गुंडाळला होता. झाकण निघेना. काका आणि मी दोघांनी मिळून फिरवलं तेव्हा 'फस्स' असा आवाज आला आणि वर्गात ओल्या गोणपाटाचा वास पसरला. मी बरणी पालथी केली. काही पडलं नाही. बुडावर थापटी मारली, तसा समाजाचा सगळा पाठिंबा बरणीच्या आकारात, एकसंध, थरथरत बाहेर आला.

जांभळा गोळा. त्याला सगळीकडून पांढरे मोड आणि मुळ्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"पाठिंबा," काका म्हणाले.

मी घाईघाईनं वजन केलं. संकटात माणूस सवयीचं काम करतो. दोनशे तेरा ग्रॅम. भागिले अर्धा. आकडा ओठांवर आला आणि तिथेच अडकला.

"किती?" साहेब.

"चारशे सव्वीस."

"घरं किती?"

"दोनशे चाळीस."

"म्हणजे एकशे साडेसत्त्याहत्तर टक्के." साहेबांचं गणित चांगलं होतं. "विरोध मोजून अकरा, आणि पाठिंबा वस्तीच्या पावणेदोन पट."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "साहेब, दाणे पाण्यानं फुगलेत! मी सरासरी कोरड्या दाण्यांची काढली होती."

"मग 'नको'चे कसे नाही फुगले? तुमचीच पद्धत, तुमचेच दाणे."

उन्हात वाळले म्हणून, हे मी सांगितलं. सांगतानाच मला कळलं की हे खरं असलं तरी खोट्यासारखं ऐकू येतंय. "आपण एकेक मोजू," मी म्हटलं. आम्ही गोळा सोडवायला बसलो. मुळ्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की ओढलं की मोड तुटे, आणि सुटलेल्या दाण्याच्या दोन फाका होत. साहेबांनी स्वतः हात घातला. पाच मिनिटांत त्यांच्यापुढे एकोणीस दाणे, तेहतीस फाका आणि बरंच काही अनिश्चित होतं. दहाही बोटं जांभळी.

त्यांनी हातरुमाल काढला, बोटं पुसली, रुमाल जांभळा झाला, बोटं तशीच राहिली.

"मुख्याध्यापिकाबाई, मला वाईट वाटतं. पण मी हेच लिहीन, की पाठिंबा बनावट आढळला. शाळा पुढच्या महिन्यापासून बंद."

आत्यानं टेबलावरचा खडूचा डबा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. तिचे हात मी असे रिकामे कधी पाहिले नव्हते. मला तराजूखाली लपावंसं वाटलं, पण तो फार लहान होता.

काका मात्र दारातून बाहेर पडले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, "साहेब म्हणतायत आपण बनावट आहोत!"

पाठिंबा द्यायला जे लोक सावकाश, सवडीनं आले होते, ते अपमान झाल्याचं कळताच पळत आले. शिंपी गळ्यात टेप घेऊन आला. न्हावी वस्तरा घेऊन आला आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. पाहता पाहता शाळेचं मैदान भरलं. साहेब बाहेर आले तसा प्रत्येक जण त्यांना बोट दाखवू लागला.

"हे बघा बोट. हे बनावट आहे?"

"मी आणि माझ्या सासूनं भांडून एक दाणा टाकलाय. आमच्या घरात एवढं एकमत पहिल्यांदा झालं!"

सगळ्यांत पुढे गॅरेजवाला. "माझा 'नको' खोटा म्हणणारे तुम्ही कोण?"

"तुमचा खरा आहे," साहेब म्हणाले. "अकराही खरे आहेत."

"मग एवढ्या गर्दीत अकराच कसे खरे?"

साहेबांनी पायरीवर चढून माणसं मोजायला सुरुवात केली. तीसपर्यंत गेले की कुणीतरी जागा बदले. तीन वेळा सुरुवात केली. "एका जागी उभे राहा हो," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मी माणसांचे नमुने घेऊन सरासरी गर्दी काढावी असं सुचवणार होते, पण आत्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग ती व्हरांड्यात गेली आणि तिनं घंटेचा दोर ओढला.

एक लांब टोला, दोन तोकडे. हजेरीची घंटा.

मैदानातला आवाज नळ बंद करावा तसा बंद झाला. आणि सगळी वस्ती चालू लागली. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. शिंपी आपल्या जुन्या वर्गाच्या रांगेच्या जागी गेला, न्हाव्यानं वस्तरा खिशात घातला आणि समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेतलं. जे बाहेरून राहायला आले होते, ते आपल्या मुलांच्या वर्गाच्या रांगेत शिरले.

"घरटी एक जण," आत्या म्हणाली. "बाकीचे भिंतीपाशी."

"तू माझ्या मागे होतास," कुणीतरी कुजबुजलं.

"तेव्हा. आता तू वाकलायस. हो पुढे."

"बोलायचं नाही," आत्या म्हणाली. दोन आजोबा गप्प झाले. "मोजा."

"एक." "दोन." "तीन." आकडे रांगेरांगेतून पळत गेले. काही बारीक आवाजात, काही खोकत, पण एकही चुकला नाही. शेवटच्या रांगेत न्हाव्याचं गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडानं म्हणालं, "एकशे सत्त्याऐंशी."

"एकशे अठ्ठ्याऐंशी," मागून आवाज आला.

साहेब होते. पायरीवरून उतरून ते कधी रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले हे त्यांनाही कळलं नसावं. पाठ ताठ, एक हात पुढच्याच्या खांद्यावर, आणि बोटं जांभळी.

"साहेबांनीपण मत दिलंय वाटतं," शिंपी म्हणाला.

साहेबांनी हात खाली घेतला. "मला वगळा."

"एकशे सत्त्याऐंशी," आत्या म्हणाली.

"यात शाळा नको असलेलं कुणी आहे?" साहेबांनी घसा साफ करून विचारलं. गॅरेजवाल्याचा हात वर झाला. मग इकडेतिकडे आणखी काही. मी मोजले. अकरा. माझ्या आयुष्यातला सर्वांत अचूक निकाल, आणि तो नेमका विरुद्ध बाजूचा.

"तुम्ही विरोधात आहात," साहेब गॅरेजवाल्याला म्हणाले. "मग रांगेत का उभे राहिलात?"

गॅरेजवाला गोंधळला. त्यानं घंटेकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"घंटा झाली ना," तो म्हणाला.

साहेबांनी उभ्याउभ्याच लिहिलं. दोनशे चाळीस घरांपैकी एकशे शहात्तर पाठिंब्यात, त्र्याहत्तर टक्के. शाळा तीन वर्षं चालू राहील, मग पुन्हा पाहणी. खाली एक शेरा होता, की पुढच्या वेळी पाठिंबा मोजताना बियाणं वापरू नये. चार कधीच वाजून गेले होते. निघताना आत्यानं त्यांना हात धुवायला साबण दिला. उपयोग झाला नाही.

रात्री जेवताना वाढता वाढता आत्या म्हणाली, "गर्दी म्हणजे काय नव्हे म्हणालीस?" मी पाणी प्यायले.

सोमवारपासून मी शाळेत चौथीला विज्ञान शिकवते, नोकरी लागेपर्यंत. पहिला पाठ बीजांकुरणाचा होता, तोही आत्यानंच ठरवला. बरणीतले दाणे आम्ही शाळेमागे दोन वाफ्यांत पेरले आणि तीन आठवड्यांनी मुलांना रांगेत उभं करून, एकेकावर बोट ठेवत, रोपं मोठ्यानं मोजून घेतली.

शाळा हवी: सुटे निघालेले दाणे एकशे एकेचाळीस, उगवले शहाण्णव.

नको: दाणे अकरा, उगवले अकरा.