पडद्याकडे पाठ करून

सिनेमाचे तिकीट काढून पडद्याकडे पाठ करून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आमच्या दारव्ह्याचे गफूरचाचा शिंपी. एकदा नव्हे, लागोपाठ सात दिवस. तंबूत अगदी पुढे, पडद्याशेजारच्या भोंग्याला कान लावून आणि तोंड प्रेक्षकांकडे करून ते बसत. बरे, नुसते बसले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण मधूनच उठून हात वर करून ते ओरडत, "ओ मास्तर, चूप बसा न जरा."

तो मास्तर म्हणजे मी. आणि मला तिथे नेमले होते ते चूप न बसण्यासाठीच.

ही अठ्ठावन्नच्या आसपासची गोष्ट. कापसाचा हंगाम सरत आला की गावाबाहेरच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. त्या वर्षी मालकाने कुठून तरी एक चिनी सिनेमा पैदा केला. त्यात माणसे तलवारी घेऊन उडत. छपरावरून झाडावर, झाडावरून डोंगरावर. एक पांढऱ्या दाढीचा गुरू होता, तोही बसल्या जागेवरून उडे. बोलणे सगळे चिनी. खाली इंग्रजी अक्षरे यायची, पण रीळ इतके घासलेले की ओळीतले दोन शब्द लागले तरी नशीब म्हणायचे. मालक म्हणाला, तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवता, आवाजही दांडगा आहे, तुम्हीच माईकवर गोष्ट सांगा.

मी सांगितली. अक्षरे दिसली तिथे अक्षरांची, दिसली नाहीत तिथे मनाची. नायकाचे नाव जिभेला झेपेना, म्हणून त्याचा चंद्रसेन केला. दुष्ट सरदाराला आमच्या हेडमास्तरांची बोलण्याची ढब दिली. ती गावाने ओळखली आणि टाळ्या पडल्या. एकदा टाळी मिळाली की माणूस बिघडतो, मीही बिघडलो. माझे डायलॉग दुसऱ्या दिवशी बाजारात ऐकू येऊ लागले.

गावात ज्याचे त्याचे मत होते. नानासाहेब अडत्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले की वरून तार बांधलेली आहे आणि ती त्यांनी स्वतः पाहिली. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया म्हणाल्या, राणीच्या कपड्याला एक आरसा नाही, ही कसली राणी. तालमीतले दोन गडी भिंतीवरून उडून पाहायला गेले, त्यातला एक काठी टेकत पुन्हा सिनेमाला आला. या सगळ्यांवर मला राग नव्हता. त्यांनी मला बोलू दिले.

गफूरचाचा मात्र बोलू देत नव्हते. आणि खेळ सुटला की तंबूच्या दारात उभे राहून, माझ्याच प्रेक्षकांना माझ्याच देखत सांगत, "रद्दी सिनेमा हाय. हातभर बाही घालून कोनी तलवार चालवते काय? पयल्याच वाराले सोताची बाही कापली जाईन. हे काई माप नोहे."

'हे काई माप नोहे' हा त्यांचा शेवटचा शब्द. सरकारचा कायदा असो, डाळीतले मीठ असो, कुणाच्या पोरीसाठी आलेले स्थळ असो, चाचा मान तिरकी करून एकदा बघत आणि निकाल देत. मी त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होतो, त्यामुळे दिवसातून वीस निकाल मला फुकट ऐकू येत. त्यांना टेप लागत नसे. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत त्यांचे माप होऊन जाई. एकदा तहसील कचेरीतल्या एका साहेबाने कोट खांद्यात दाटतो म्हणून परत आणला. चाचांनी तो घालायला लावला, भोवती एक फेरी मारली आणि सांगितले, "कोट बराबर हाय. तुम्ही दोन महिन्यात सुटले. कमी खात जा." साहेब गुपचूप कोट घेऊन गेला. चाचांचे माप चुकले असे म्हणणारा माणूस दारव्ह्यात जन्माला यायचा होता.

त्या दुकानात, मशीनच्या वरच्या खुंटीला, एक बंद गळ्याचा करडा कोट होता. मी राहायला आलो तेव्हापासून तिथेच. अंगलटीने लहान, पण पोराचा नव्हे, खांदे भरलेले. चाचा दर शुक्रवारी तो खाली काढून झटकत आणि परत लावत. कुणी विचारले की हा कुणाचा, तर ठरलेले उत्तर मिळे, "गिऱ्हाईक येनार हाय." पुन्हा विचारले की अंगावर येत.

सहाव्या दिवशी कळस झाला. दुसऱ्या रिळात चंद्रसेन गुरूचा निरोप घेऊन डोंगर उतरतो. ही माझी सर्वात आवडती जागा. मी म्हाताऱ्याचा घोगरा आवाज काढून गर्जना करीत असे, "जा बेटा, अन् दुश्मनाचं मुंडकं घेऊनच ये." तंबू शिट्ट्यांनी फुटायचा. त्या दिवशी मी तोंड उघडले आणि चाचांनी थेट भोंग्यासमोर उभे राहून दोन्ही हात पसरले. "झूट," ते ओरडले, "तो असं बोलतच नाही." लोक हसले. मला नव्हे, पण मला ते मलाच हसल्यासारखे वाटले. मालक म्हणाला, उद्या बाजाराचा दिवस, सिनेमाचा शेवटचा खेळ, उद्या या म्हाताऱ्याला मी आत सोडणार नाही.

मी रात्रभर शब्द जुळवले आणि सकाळी दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. म्हटले, चाचा, तुम्हाला चिनी येते का? येत नसेल तर माझी इज्जत का घेता? सिनेमा आवडत नाही तर रोज येता कशाला, आणि येता तर पडद्याकडे बघत का नाही? शेजारच्या दोन दुकानांतली माणसे बाहेर आली इतका माझा आवाज चढला होता.

चाचांनी मशीन थांबवले. मला वाटले, आता निकाल येणार. ते म्हणाले, "बसा."

मग त्यांनी सांगितले. लीभाई म्हणून एक चिनी फेरीवाला होता. सायकलीवर रेशमाचे गाठोडे बांधून नागपूरकडून यायचा, दर हिवाळ्यात. राळेगाव करून दारव्ह्याला आला की पंधरा दिवस चाचांच्याच दुकानात उतरायचा. दिवसा गावोगाव फिरायचा, संध्याकाळी या पाटावर बसून चहा प्यायचा. त्याला मराठी येईना, यांना चिनी येईना. दोघे तासन् तास बोलत. तो त्याचे बोले, हे यांचे बोलत. "कोनी मधात बोलाले नव्हतं," चाचा म्हणाले आणि माझ्याकडे रोखून पाहिले. बारा हिवाळे तो आला. शेवटच्या खेपेला त्याने कोटाचे कापड दिले, अस्तराला स्वतःचे रेशीम दिले आणि खुणेने सांगितले, पुढच्या साली घेईन. त्यालाही आता तीन हिवाळे झाले.

"सिनेमात लीभाई थोडीच हाय. पाहून काय करू? उडून राह्यले माकडावानी." ते खुंटीकडे न बघता म्हणाले. "पन आवाज त्याच्या मुलखाचा हाय, मास्तर. कान देऊन ऐकला की पाटावर तो बसेल हाय असं वाटते. अन् तितक्यात तुम्ही बोलता."

ते म्हणाले, "तो बुढा चंद्रसेनाले मुंडकं आन म्हनत नाही. तो म्हनते, मान झौ. मले मालूम हाय. लीभाई म्या पायरी उतरलो की म्हने, अन् त्यानं सायकल हाती घेतली की म्या म्हनो. मान झौ म्हंजे सावकाश जा. हळू जाजो बाबा, असं. तुम्ही त्या बुढ्याच्या तोंडात खून घातला, मास्तर. सहा दिवस."

मला लाज वाटली. खरे सांगायचे तर आधी राग आला, मग लाज वाटली, कारण त्या जागी अक्षरे चांगली ठळक होती. 'सांभाळून जा' असा काहीतरी अर्थ मी पहिल्या दिवशी वाचलाही होता. पण सांभाळून जा म्हटल्यावर टाळी कोण देणार?

संध्याकाळी मालकाशी भांडून मी चाचांना आत घेतले. बाजारचा दिवस, तंबू गच्च. दुसरे रीळ लागले. म्हातारा डोंगराच्या कडेला उभा राहिला, चंद्रसेन खाली वाकला आणि लोक माझ्या गर्जनेची वाट पाहत पुढे सरकले. मी माईकचे बटण बंद केले. आधी कुजबुज झाली, मग शिट्ट्या, मग कुणीतरी ओरडले की मास्तर मेला का. त्या गोंगाटात भोंग्यातून म्हाताऱ्याचा स्वतःचा आवाज आला. घोगरा नव्हताच मुळी, बारीक होता, थोडा थकलेला. भोंग्याला कान लावून चाचा मान खाली घालून बसले होते. त्यांचे ओठ हलले. ते काय म्हणाले ते त्या तंबूत फक्त मला कळले.

खेळ सुटल्यावर मालकाने मला नाही नाही ते सुनावले. चाचा दारात नेहमीसारखे उभे होते आणि लोकांना सांगत होते की बाही हातभरच होती, हे काई माप नोहे.

पुढे बासष्ट साल उजाडले आणि चीनशी लढाई झाली. ज्या तोंडांनी हिंदी-चिनी भाईभाई म्हटले होते तीच तोंडे आता वेगळे ओरडू लागली. संताप मलाही होता, खोटे कशाला बोलू? आमच्या भागातली पोरे सीमेवर होती. गफूरचाचांनी महिनाभर दुसरे काम हाती घेतले नाही. जवानांसाठी गरम बंड्या शिवून दिल्या, फुकट. गावात चिनी माल गोळा करून चौकात होळी करायचे ठरले आणि नानासाहेब अडते दहा-बारा जणांना घेऊन घरोघर फिरू लागले. कुणाची कपबशी मिळाली, कुणाचा फाउंटन पेन मिळाला.

ते चाचांच्या दुकानात आले तेव्हा मी पाटावर बसलो होतो. नानासाहेबांनी बंड्यांचा ढीग पाहून शाबासकी दिली. मग त्यांची नजर वर गेली. "तो फेरीवाला तुमच्याच इथं उतरत जाय न, चाचा?" ते म्हणाले. "हा कोट कोनाचा हाय?"

चाचांच्या हातातली सुई थांबली. गिऱ्हाईक येणार आहे, हे त्यांना म्हणता येईना. खोटे तर त्यांना मुळीच येत नव्हते. नानासाहेबांनी खुंटीकडे हात नेला. कोट उलटून पाहिला असता तर अस्तर दिसले असते, आणि असले रेशीम दारव्ह्यात दुसरे कुणाकडे नव्हते.

मी उठलो, त्यांच्या आधी कोट काढला आणि म्हणालो, माझा आहे. म्हणालो आणि घातलासुद्धा. बाह्या कोपराखाली चार बोटांवर संपल्या. बटणे एकमेकांना भेटेनात. काखेत काहीतरी टर्रकन गेले. सगळे पोट धरून हसू लागले, ती पोरेही हसू लागली जी मघाशी रागाने लाल झाली होती. नानासाहेब डोळे पुसत म्हणाले, "काय चाचा, हे तुमचं माप?"

ही गोष्ट दारव्ह्यात कुणी कधी विचारली नव्हती. चाचांनी माझ्याकडे पाहिले, कोटाकडे पाहिले. मला वाटले, आता यांच्याने राहवणार नाही आणि सगळे बाहेर पडणार. त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती.

"हो," ते म्हणाले, "चुकलं माझं माप."

मंडळी हसत पुढच्या दुकानाला गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झाले की गफूरचाचांनी मास्तरांचा कोट पार घालवला. पुढे कितीतरी दिवस लोक त्यावरून त्यांना चिडवत आणि ते ऐकून घेत.

माणसे वळणावर दिसेनाशी झाल्यावर चाचांनी कोट माझ्या अंगातून एकेक बाही करून काढला. काखेतली शिवण बोटभर उसवली होती. मग ते माझ्यावर जे तापले ते विचारू नका. अकलेचा खंदक, एवढा जोर लावून कोणी घालते काय, त्याचा खांदा तुमच्यासारखा धोंडा नाही, आता हा धागा मी कुठून आणू. बोलत बोलत त्यांनी तसलाच करडा धागा एका डबीतून काढला, चष्मा पुसला, शिवण घातली आणि कोट झटकून परत खुंटीला लावला.

मी पायरी उतरलो. मागून त्यांचा आवाज आला, दुकानाबाहेर जाणार नाही इतका बारीक.

"मान झौ, मास्तर."