अंतरपाटाखालचं तिकीट

आमच्या देवसाळ गावात एप्रिलपासून माणसं एकमेकांना तिकिटाशिवाय ओळखत नाहीत.

बाहेरगावच्यांना याचं फार वाटतं. आम्हाला वाटत नाही. सुरुवात माझ्या हातून झाली, म्हणून ती आधी सांगून टाकतो. मी नगरपरिषदेच्या संगणक विभागात आहे. म्हणजे मीच संगणक विभाग आहे. पाणीपट्टी, जन्ममृत्यू नोंदणी, मंगल कार्यालयाचं आरक्षण हे सगळे प्रोग्राम मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहेत आणि ते मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर चालतात. पूर्वी त्यांना पासवर्ड होता आणि तो सगळ्या गावाला पाठ होता, कारण आस्थापना विभागाच्या काणेबाईंनी तो पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवला होता. मग वरून आदेश आला, की पासवर्ड यापुढे कुठे पाठवायचा नाही, तिकीट पद्धत आणा. मी आणली.

पद्धत साधी आहे. सकाळी ओळख खिडकीवर जायचं. खिडकी तुमचा गुप्त शब्द विचारत नाही. ती तुमच्या हातात एक कुलूपबंद डबी ठेवते. शब्द माहीत असेल तर डबी उघडते, नसेल तर तुम्ही तुम्ही नाही. डबीत दिवसभराचं मोठं तिकीट असतं. ते शेजारच्या खिडकीवर दाखवून ज्या प्रोग्रामशी काम असेल त्याच्या नावाचं छोटं तिकीट घ्यायचं. ते प्रोग्रामला देताना आपल्या घड्याळातली वेळ सांगायची. फरक पाच मिनिटांहून जास्त पडला, तर तिकीट चोरीचं आहे असं प्रोग्राम धरून चालतो. जुळलं, तर तोही उलट खूण देतो, की मी तोच, मलाही ओळखा.

सोमवारी प्रोग्रामांनी तिकिटाशिवाय कोणाला ओळखलं नाही. हे ठरल्याप्रमाणेच होतं. मंगळवारी काणेबाईंनी मला ओळखलं नाही. शुक्रवारपर्यंत गावात कोणीच कोणाला ओळखेना. मुख्याधिकाऱ्यांना कळवलं, तर त्यांनी आधी माझ्याकडून तिकीट मागितलं आणि मग म्हणाले, "बरं झालं. वेगळा ठराव करायला नको."

आता सकाळी सगळं गाव रांगेत असतं. नावं आठवतात, नाती आठवतात. समोरचा माणूस तेवढा ओळखू येत नाही. त्यामुळे आज कोणाकोणाला ओळखायचं, हे ज्याचं त्याने सकाळी ठरवायचं आणि तेवढ्यांच्या नावाची छोटी तिकिटं काढायची. पहिल्या आठवड्यात माझी बायको दोन दिवस माझं तिकीट काढायला आलीच नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, तर म्हणाली, "जरा विसावा हवा होता." मी विषय वाढवला नाही.

खरी पंचाईत झाली ती माझ्या भाचीच्या लग्नात.

भाची म्हणजे शाल्मली, माझ्या कुमुदताईची मुलगी, मांडक्यांची. मुलगा वरच्या आळीतल्या डोंगऱ्यांचा निरंजन. दोघं चार वर्षं नगर वाचनालयात भेटत होती. तिकिटं आल्यावरही भेटत राहिली, कारण वाचनालयाच्या भिंतीवर घड्याळ आहे आणि दोघं तेच बघून वेळ सांगत. एका घरात राहणाऱ्यांनाही अडचण नसते, घड्याळ एकच असतं. अडचण येते ती दोन घरं समोरासमोर आली की.

मांडक्यांच्या घरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे असतं. दाजींच्या आजोबांची एकदा एसटी चुकली होती, तेव्हापासून. डोंगऱ्यांच्या घरी निरंजनच्या आजोबांचं, थोरल्या डोंगऱ्यांचं, खिशातलं घड्याळ आहे. ते मागे पडतं आणि घरातली बाकीची घड्याळं त्याच्या मानासाठी मागे ठेवतात. या गोष्टीला दोन्ही घरांत कोणी चूक म्हणत नाही. वळण म्हणतात.

लग्न नगरपरिषदेच्या मंगल कार्यालयात होतं. तिथे भिंतीवर घड्याळाचा फक्त खिळा आहे. मामा म्हणून मी शाल्मलीला धरून आणलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिलो. मध्ये अंतरपाट. हल्ली अंतरपाट दूर करायच्या आधी तिकिटं त्याच्या खालून एकमेकांना देतात. गुरुजींच्या मंडळाने तसा नियमच केला आहे, कारण मे महिन्यात एका नवरीने वाढप्याला हार घातला होता आणि तो सभ्य माणूस असल्याने पंगत उठेपर्यंत काही बोलला नव्हता.

मंगलाष्टकं झाली. खरे गुरुजींनी तिकिटं खालून इकडची तिकडे केली. शाल्मलीने वडिलांच्या मनगटी घड्याळातली वेळ सांगितली, निरंजनने आजोबांच्या घड्याळातली.

"आपण कोण?" शाल्मलीने विचारलं.

"तेच मी विचारणार होतो," पलीकडून आवाज आला.

सगळ्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती, कारण ती मीच लिहिली होती. एका जोडीचं तिकीट लागोपाठ तीनदा नाकारलं गेलं, की त्या दोन नावांना एकमेकांपुरतं कुलूप लागतं. ते काढायचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे आणि आमची सर्वसाधारण सभा गणपूर्तीअभावी दोन वर्षं झालेली नाही. म्हणजे पोरगी जन्मभर त्याच्या दारावरून जाईल आणि हे कोणाचं घर म्हणून विचारील. मी गुरुजींना, दाजींना आणि थोरल्या डोंगऱ्यांना बाजूला घेऊन हे सांगितलं.

"मग त्यांनी घड्याळ नीट करावं," दाजी म्हणाले.

"आमच्या घड्याळाने तीन पिढ्यांची लग्नं लागली आहेत," थोरले डोंगरे म्हणाले. "तुमचं काय ते बघा."

"दाजी, पोरीकडे बघा," मी म्हणालो. "नंतर काय भांडायचं ते भांडा."

दोघं आपापल्या जागी गेले. मी सुटकेचा श्वास सोडला, पण ती घाईच होती. झालं काय, की दाजींना माझं बोलणं लागलं. त्यांनी हळूच शाल्मलीच्या हातातलं घड्याळ मागितलं आणि डोंगऱ्यांच्या वेळेवर मागे लावलं. तिकडे थोरल्या डोंगऱ्यांनाही वाईट वाटलं. नातसुनेपुढे कसला ताठा, असं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नातवाकडे दिलेलं खिशातलं घड्याळ पुढे लावलं, बरोबर मांडक्यांच्या वेळेवर. कोणी कोणाला सांगितलं नाही. मोठेपणा सांगून करायचा नसतो, असं आमच्याकडे मानतात.

तिकिटं पुन्हा खालून गेली. वेळा सांगितल्या. अंतर होतं तेवढंच होतं, फक्त उलटं.

"माफ करा," निरंजन म्हणाला, "मी आपल्याला ओळखलं नाही."

मांडवात कुजबुज सुरू झाली. कुमुदताईने पदर डोळ्यांना लावला. विहीणबाई उठून तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्याकडे एकमेकींचं तिकीट नव्हतं, तरी त्यांनी ताईचा हात धरला. दोघी अनोळखी बायका शेजारी बसून रडत होत्या. पंधरा वर्षं प्रोग्राम लिहितोय, पण त्या क्षणी सर्व्हर उचलून विहिरीत टाकावा असं वाटलं.

"आता एकदाच जमेल," मी शाल्मलीच्या कानात सांगितलं. "मी नगरपरिषदेत जाऊन वेळ घेऊन येतो. कोणाला तरी खिडकी उघडायला लावतो."

"मुहूर्त जाईल, मामा," ती म्हणाली. मग अंतरपाटाकडे तोंड करून, बँकेत बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, ऐकता का? मी तुम्हाला ओळखत नाही, पण जरा विचारायचं होतं."

"विचारा ना."

"तुमच्याकडे कोणाचं घड्याळ आहे?"

"आजोबांचं."

"माझ्याकडे बाबांचं आहे. दोन्ही काढून ठेवली तर?"

मला अंतरपाटावरून थोरले डोंगरे दिसत होते. ते नातवाकडे बघत होते.

"आजोबांना वाईट वाटेल," निरंजन म्हणाला.

"बाबांनाही वाटेल," शाल्मली म्हणाली. "ते माझ्या शेजारीच उभे आहेत. मी त्यांच्याकडे बघत नाहीये."

"मग वेळ कुठून आणायची?"

"खाली बघा."

खरे गुरुजी जुन्या वळणाचे. मुहूर्तासाठी त्यांनी पाटांच्या मधोमध घंगाळ ठेवलं होतं आणि त्यातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडलं होतं. हे म्हणजे तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. तिच्यात हळूहळू पाणी भरतं आणि ती बुडाली की एक घटका झाली. अंतरपाट गुडघ्यांपर्यंतच होता. घंगाळ दोघांनाही दिसत होतं.

"ही बुडाली की वेळ सांगायची," शाल्मली म्हणाली. "तुमची वेगळी नाही आणि माझी वेगळी नाही."

"श्रीरंगराव," गुरुजींनी मला विचारलं, "तुमच्या पद्धतीला चालेल का हे?"

मी मनातल्या मनात प्रोग्राम वाचून काढला. तो दोन वेळांमधला फरक तेवढा बघतो. वेळ कुठल्या घड्याळाची, हे विचारायचं मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

"चालेल," मी म्हणालो.

शाल्मलीने मनगटावरचं घड्याळ काढून दाजींना दिलं. दाजींनी ते घेतलं आणि उगाचच कानाला लावलं. पलीकडे निरंजनने साखळी सोडून घड्याळ आजोबांच्या हातात ठेवलं. थोरल्या डोंगऱ्यांनी ते न बघता खिशात टाकलं.

"तुमच्या पायाला काय लागलंय?" वाट बघता बघता निरंजनने विचारलं.

"नवी चप्पल चावली. तुमचे मोजे कुठायत?"

"मेव्हण्यांनी लपवले. मेव्हणे कोण ते कळत नाही, त्यामुळे मागता येत नाहीत."

शाल्मली हसली. मला त्या पोराचं फार कौतुक वाटलं. वाटी एका बाजूला कलली, आणि आवाज न करता खाली गेली.

"बुडाली," दोघं एकदमच म्हणाली.

गुरुजींनी तिकिटं खालून दिली. मी डोळे मिटले होते, हे मला कबूल करायला हरकत नाही. ऐकू आलं ते एवढंच, की शाल्मलीने श्वास आत घेतला आणि म्हणाली, "निरंजन, अरे, किती वेळ लावलास."

अंतरपाट दूर झाला. हार पडले. वाजंत्री वाजली आणि मी सरळ नवरीच्या पाटावर बसलो. कोणी उठवलं नाही. कुमुदताई आणि विहीणबाईंनी एकमेकींना जिलबी भरवली, तिकीट नसताना. दाजींनी मठ्ठ्याचे चार पेले घेतले आणि प्रत्येक वेळी वाढप्याचे आभार मानले.

रात्री घरी आल्यावर मात्र मला झोप येईना. लग्न लागलं खरं, पण तिकीट दिवसाचं. सकाळी ती दोघं एका खोलीत अनोळखी म्हणून उठणार. नाव आठवेल, लग्न झाल्याचं आठवेल, पण समोर बसलाय तो तोच का, हे कळायला खिडकीवर जावं लागणार. जायलाच हवं अशी सक्ती पद्धतीत नाही. एखादी दोन दिवस विसावा घेते. नव्या घरात, पहिल्याच सकाळी, ते दोघं काय करतील, हे मला कुठल्या प्रोग्रामात बघता येणार नव्हतं.

उजाडताच मी कार्यालयात गेलो आणि छोट्या तिकिटांच्या खिडकीच्या आत, काणेबाईंच्या मागे उभा राहिलो. त्यांनी मी कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, कर्मचारी आहे.

रांग लागलेली होती. दोघं एकत्र आली नव्हती. निरंजन पुढे होता, हातात उघडलेली डबी. शाल्मली चार माणसं मागे, मेंदी लावलेल्या हाताने डोळे चोळत. माझं कालचं तिकीट संपलेलं होतं आणि आजचं मी अजून घेतलं नव्हतं. ती मला कळली ती हिरव्या चुड्यावरून, आणि तो कपाळावरच्या अक्षतेमुळे. माझ्या अंदाजाला काही आधार नव्हता. निरंजनने मागे वळून पाहिलं आणि रांगेतून बाहेर येऊन तिच्या मागे उभा राहिला.

"तुम्ही पुढे होतात ना?" तिने विचारलं.

"घाई नाही. तुम्ही कोणाचं काढताय?"

"नवऱ्याचं."

"मी बायकोचं."

"कशी आहे?"

"अजून कळलं नाही. काल बरी वाटली."

ती खिडकीशी आली. काणेबाईंनी नाव विचारलं आणि तिने ते स्पष्ट सांगितलं, निरंजन यशवंत डोंगरे. मागून त्याने ते ऐकलं. मग तिच्या खांद्यावरून हात पुढे करून आपल्या नावाची डबी तिच्या डबीशेजारी ठेवली. काणेबाईंनी डब्यांवरची नावं वाचून दोन्ही तिकिटं एकदमच दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.