नळीतली काळजी

मूल घाबरतं की नाही, हे मुलाला विचारून कळत नसतं. त्यासाठी लाळ लागते. लाळ खोटं बोलत नाही आणि उलट उत्तरही देत नाही. म्हणून बालचिंता केंद्राचा नियम होता: मुलाने उठल्या उठल्या, चूळ न भरता, नळी भरून द्यावी. (मूल प्रसन्न असावे. नसल्यास पालकांनी ते करून घ्यावे.)

घड्याळदुरुस्तीवाले बाबा नियमाचे पक्के. त्यांच्या मुलीला आठवं लागलं होतं. शाळेत ती अधूनमधून बाकाखाली जाऊन बसायची, एवढाच तिचा गुन्हा. लाळेतल्या काळजीचा आकडा चौदाच्या वर गेला, तर तिची शाळेतली झोपाळ्यावर खेळायची सुट्टी रद्द होऊन त्या जागी ‘शांततेचा तास’ येणार होता.

नळी द्यायच्या दिवशी बाबांनी तीन गजर लावले. तिन्हींना बाबाच उठले. मुलीला हलवून जागं केलं, तर ती तडक चूळ भरून, बिस्किट खाऊन मोकळी झाली.

“नळीत थुंकू? ई! बाबा, घाण!”

सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि साडेसातला केंद्राची खिडकी बंद व्हायची. बाबांनी भिंतीकडे तोंड करून नळी स्वतःच भरली. (रक्ताचं नातं असतं, तसं लाळेचंही असणारच.)

आठवड्याने अहवाल आला: एकतीस. शेरा: ‘मूल सतत सावध. विश्रांती आढळली नाही.’

आपल्यामुळे पोरीचा झोपाळा जाणार, या विचाराने बाबांना खरंच रडू फुटलं. ते तडक केंद्रात गेले आणि डॉक्टरीणबाईंना सगळं भडाभडा सांगून मोकळे झाले.

बाई मुळीच रागावल्या नाहीत. “चौदाची मर्यादा आम्ही चारशे निरोगी मुलांच्या नळ्यांवरून ठरवली. सगळ्या घरूनच भरून आल्या होत्या. तीनशे बारांत चहा निघाला, एकोणिसांत तंबाखू.”

“मग टाकून नाही दिल्या?”

“टाकल्या असत्या तर संशोधन कशावर केलं असतं?”

“आणि माझी मुलगी?”

“तिला अजून कोणी तपासलेलंच नाही.”

झोपाळा वाचला. शांततेचा तास मात्र नियमाप्रमाणे एकतीसवाल्याला लागू झाला. घरी आल्यावर बाबांनी पहिल्यांदाच मुलीला विचारलं, “तू बाकाखाली का गं बसतेस?”

“तिथे कोणी ‘घाबरलीस का’ म्हणून विचारत नाही.”

तुमच्याही कपाटात असा एखादा अहवाल असेल. त्यावर नाव मुलाचंच आहे, ते ठीक. फक्त एवढं आठवून पाहा, की त्या सकाळी तोंड कोणाचं कोरडं पडलं होतं.