यंत्राचे रोडगे आणि हरवलेला गणपती

"राखेचा एक कण जरी लागला, तर नाव बदलून टाका आमचं!"

हे वाक्य सदाशिवराव वडनेर गावी बोलले. तेही व्याह्यांच्या शेतात, व्याह्यांच्याच पंगतीत, व्याह्यांचेच रोडगे खाताना! गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले ते कणकेचे जाड रोडगे तसे झकास होते. पण दाताखाली जरा राख आली आणि सदाशिवरावांना राहवेना. नागपूरच्या प्रदर्शनातून त्यांनी नुकतीच एक विजेवर चालणारी भट्टी उचलली होती. टाकीत पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, दाबून केलेल्या कांड्या ओतायच्या आणि बटण दाबायचं. आतला मळसूत्री दांडा फिरत फिरत कांड्या विस्तवात ढकलणार, पंखा वारा घालणार!

"या रविवारी कारंज्याले या, बंडूजी. यंत्राचे रोडगे खाऊ घालतो!"

बंडूजी म्हणजे त्यांच्या अंजूचे सासरे. त्यांनी मान डोलावली आणि सदाशिवरावांची अब्रू रविवारपर्यंत टांगणीला लागली.

रविवारी सकाळी सदाशिवरावांनी भट्टीची यथासांग पूजा केली. नव्या यंत्राला पूजेशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानाचा नियम होता. टाकीच्या झाकणावर अक्षता, अक्षतांवर सुपारीचा गणपती, हळदकुंकू, पुढ्यात नारळ. मग घाईघाईत झाकण उघडून त्यांनी पोतंभर कांड्या ओतल्या. झाकण लावून पाहतात तर गणपती गायब!

त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. देवकाबाईंच्या तोंडात सुपारी होती. ती दिवसभर असायचीच.

"तू गणपती खाल्ला?"

"मी? देवाची सुपारी खाईन मी?" देवकाबाई कडाडल्या. "बरं हाय! आता यंत्र नाई चाललं तरी गोवरीले हात नाई लावत. पाहून घ्या तुमचं तुमी!"

आणि त्या परातभर रोडगे तसेच कच्चे ठेवून बाजेवर जाऊन बसल्या.

अकराला बंडूजी पांढरेशुभ्र कपडे घालून हजर! सदाशिवरावांनी बटण दाबलं. भट्टी घुर्रर्र करून थरथरली आणि थंडच राहिली.

"काऊन पेटत नाई?" बंडूजींनी विचारलं.

"पेटते ना! नवीन हाय, लाजून राह्यली."

खरं सांगायचं तर सदाशिवरावांना भीती वाटत होती, पण त्याहून जास्त कुतूहल वाटत होतं. बिघडलेलं यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. लाईट आहे? आहे. भारनियमन दोनला. कांड्या ओल्या? एक मोडून पाहिली, पापडासारखी कडकन तुटली. चाखूनही पाहिली, कोरडी ठाक! मग पंखा? त्यांनी पंख्याचा वेग पुरता वाढवला. झाकणावर उरलेलं सगळं हळदकुंकू उडालं आणि थेट बंडूजींच्या सदऱ्यावर बसलं.

"व्याही, रोडगे भाजता का माही पूजा करता?"

बाजेवरून खुसखुस ऐकू आली. सदाशिवरावांचे कान तापले. भट्टीत मात्र अजून काहीच तापलेलं नव्हतं.

शेवटी तार काढून त्यांनी सगळ्या कांड्या सतरंजीवर उपसल्या. खांद्यापर्यंत हात टाकीत घातला. तळाशी मळसूत्राच्या खाचेत काहीतरी गोल, गुळगुळीत, कडक अडकलं होतं. पकडीनं ओढून काढलं. सुपारी! दोन बाजूंनी खरचटलेली, कपाळी कुंकू तसंच!

झाकण उघडताना त्यांनीच गणपती टाकीत लोटला होता. बायकोवर घेतलेला आळ आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय निघालं जी?" देवकाबाईंनी विचारलं. आणि त्या उठून यायलाच लागल्या!

लपवायला खिसा नव्हता. अंगात बंडी होती. सदाशिवरावांनी सुपारी तोंडात टाकली.

मग भराभर कांड्या भरल्या, तार लावली, बटण दाबलं. भट्टीनं असा काही जाळ धरला की बंडूजी दोन पावलं मागे सरले!

"मानलं तुमाले! पण बिमारी काय होती, ते तर सांगा?"

"अं... हं..." सदाशिवराव म्हणाले. सुपारी इकडची तिकडे झाली. ती चावेना आणि गिळवेना.

"बोला ना! काय अडकलं होतं?"

देवकाबाईंनी नवऱ्याच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं. मग ओठाच्या कोपऱ्यातल्या कुंकवाकडे पाहिलं. त्या आत गेल्या आणि आपला अडकित्ता आणून, व्याह्यांदेखत, नवऱ्यासमोर ठेवला.